शटर खाली आहे, ठोकू नका

आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. दिवसाउजेडी कुणाचं दार बंद दिसलं की तीनच अर्थ निघायचे. आत बाई लुगडं बदलतेय, आत कुणी आजारी आहे, नाहीतर आत कुणी गेलंय. पहिल्यासाठी पाच मिनिटं सूट. सहाव्या मिनिटाला कुणीतरी थाप मारायचीच, "काय गं, आहेस का गेलीस?" एकशे ऐंशी फुटांच्या खोलीत सात-आठ माणसं, तिथं कुणाला कसला एकांत! नवरा रुसला तर गॅलरीत जाऊन बसायचा, आणि गॅलरीत बसला की अख्ख्या मजल्याला कळायचं. शेजारची चहा आणून द्यायची. दुसऱ्या दिवसापर्यंत राग टिकवायचा म्हणजे मेहनतीचं काम होतं.

करी रोडची ती चाळ पाडली आणि तिथेच आमची बावीस मजल्यांची इमारत उभी राहिली. अकरा वर्षं मी त्यासाठी भांडले. बिल्डरच्या ऑफिसात लादीवर ठिय्या दिला, सातवी पास बाईला कायदा काय कळतो म्हणणाऱ्या वकिलाला त्याच्याच फायलीतली चूक काढून दाखवली. त्याचा मला माज आहे, असू दे. पण त्या भांडणात आम्ही कधीच न मागितलेली एक गोष्ट आम्हाला मिळाली. आतल्या खोलीला दार, आणि दाराला कडी.

वैशाली गमरेच्या घरात ते दार यंदा चोवीस दिवस बंद होतं.

वैशाली लग्न होऊन आली त्या दिवसापासून मी तिला ओळखते. डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतली पोर, एकविसाव्या वर्षी आमच्या मजल्यावर आली, माझ्या दोन खोल्या सोडून. आता ती चौदाव्या मजल्यावर, मी नवव्या. वय शेहेचाळीस. पहाटे चारला उठते, कारण तिचा बचत गट शाळांना खिचडी पुरवतो आणि सातशे पोरांचे डाळ-तांदूळ निवडायचं, धुवायचं काम तिच्याकडे. बोलायला कमी. सहा वर्षं नणंदेने तिला पाण्यात पाहिलं, हे मला सातव्या वर्षी कळलं, तेही नणंद स्वतःच बोलली म्हणून.

तिचा नवरा बुद्धभूषण. आम्ही भूषण म्हणतो. लोअर परळला त्याचा बाप ज्या गिरणीत साच्यावर उभा राहायचा, तिथे आता ऑफिसांची इमारत आहे आणि तिच्या पार्किंगमध्ये भूषण सुपरवायझर. शिट्टी मारून गाड्या वळवतो. पण भूषणची खरी ओळख त्याचा आवाज. विहारात वंदना द्यायला उभा राहिला की त्याला माइक लागायचा नाही. नामकरण असो, लग्न असो, कुणाची शोकसभा असो, "भूषणला बोलवा" हे ठरलेलं. त्रिशरण-पंचशील तो सांगणार, आम्ही मागून म्हणणार. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते आलं की तो मुद्दाम अर्धं मिनिट थांबायचा आणि मागच्या रांगेतल्या पुरुषांकडे बघायचा. पुरुष आपापले पाय बघत बसायचे.

जयंतीच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाने इमारतीच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. 'नवरा-बायको: समजून घेऊ या.' वक्त्या मीच आणल्या. दादरच्या समुपदेशक. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ आमच्या बायका रोज बघायच्या. नाव लिहीत नाही, मॅडम म्हणते. मॅडमच्या तोंडात साखर आणि हातात रिमोट. भिंतीवर चित्रं दाखवत म्हणाल्या, "बाईचं मन म्हणजे चोवीस तास उघडं मेडिकल. कुणीही या, काहीही मागा. पुरुषाचं मन म्हणजे दुकान. त्याला काही झालं की तो शटर खाली ओढतो आणि आत एकटाच माल लावत बसतो. आपण काय करतो? बाहेरून शटर बडवतो. अहो उघडा, अहो काय झालं! तो अजून खाली ओढणार. म्हणून मैत्रिणींनो, शटर खाली आहे, ठोकू नका. माल लावून झाला की ते आपोआप वर येतं."

हॉल हसून फुटला. खुर्च्या मांडायला आलेला आमचा भिवातात्या दारात उभा होता. बहात्तर वर्षांचा माणूस, उभ्या आयुष्यात दहा मिनिटं गप्प बसलेला नाही. तो ओरडला, "मॅडम, मग मी काय पानाची टपरी का?" पुन्हा हशा. मॅडम हसतच काहीतरी पुढे बोलत राहिल्या, कुणाला ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही अपवाद, आजोबा."

अपवाद! माझा बाप बोलबोल बोलायचा आणि आई महिनोन् महिने गप्प असायची. म्हणजे आमच्या घरात दोन अपवाद. तिसऱ्या रांगेत बसलेली वैशाली, सहा वर्षं पोटात ठेवणारी, ती तिसरी अपवाद. हे सगळं तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. मी टाळ्या वाजवत होते, कारण कार्यक्रम माझा होता आणि हॉल भरला होता. वैशालीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं.

त्यानंतर दहाएक दिवसांनी ती रिकामा डबा परत द्यायला माझ्याकडे आली. डबा माझा नव्हताच.

"ताई, हे बोलत नाहीत गं."

"भांडलात?"

"नाही."

"मग?"

"कामावरनं येतात, हातपाय धुतात, आत जातात. कडी. जेवण आत मागतात. काय झालं विचारलं की नुसतं हं. परत विचारलं की हातानेच, जा म्हणून. आज पाचवा दिवस."

"शटर," मी म्हटलं आणि हसले. एखाद्या गोष्टीला नाव मिळालं की माणसाला वाटतं, गोष्टच कळली. "मॅडम काय म्हणाल्या? ठोकू नको. तू विचारत राहिलीस तर अजून आत जाईल."

"किती दिवस पण?"

"लागतील तेवढे. पुरुषमाणूस आहे. येईल वर."

हे मी बोलले. दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलत नाही.

त्या दिवसापासून वैशालीने विचारणं बंद केलं. मे महिना, शाळांना सुट्टी, खिचडीचं काम बंद, त्यामुळे बाई दिवसभर घरात. भूषणची ड्युटी दुपारी संपायची. साडेतीनला लिफ्ट चौदाव्या मजल्यावर थांबली की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. आज बोलतील का? चपला काढल्या. मोरीत गेले. आले. कडी. मग ती हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसायची. हातात लसूण नाहीतर भाजी, म्हणजे कुणी आलं तर बसण्याला कारण.

रोज एकदा ती मला घरातलं सगळं सांगायला यायची आणि मी रोज तिला धीर द्यायचे. आता मागे वळून बघते तेव्हा एकेक गोष्ट माझ्या तोंडावर येऊन आपटते. ताटातली भाकरी परत येऊ लागली. भात संपायचा. नवव्या दिवशी ती धावतच खाली आली, "ताई, बोलले! बोलले!"

"काय बोलला?"

"खिचडी टाक. मऊ."

तीन शब्द. बाईच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, बघ, शटर वीतभर वर आलं. तिने कुकरला चार शिट्ट्या जास्त दिल्या.

ठेचा त्याने लावायचा बंद केला. हिरवी मिरची कच्ची चावणारा माणूस. मोरीतला नळ वीस-वीस मिनिटं चालू राहायचा आणि आरशावरचा दिवाही. ब्रशच्या ग्लासात एक दिवस गुलाबी ब्रश दिसला, लहान मुलांचा, त्याच्यावर सशाचं चित्र. वैशालीला वाटलं, घाईत दुकानातून चुकून उचलला असेल. तिने ठरवलं, आपण विचारायचं नाही.

तिच्या डोक्यात मात्र चक्र फिरत होतं. नोकरी गेली? पण तो रोज युनिफॉर्म घालून जात होता. दुसरी बाई? तिने दाराला कान लावला. फोनवर बोलल्याचा आवाज नाही, हसल्याचा नाही, काहीच नाही. मला म्हणाली, "ताई, कुणा बाईशी बोलत असते ना, तरी बरं वाटलं असतं. आवाज तरी आला असता."

इमारतीचं मत वेगळं होतं. विहाराच्या कमिटीत यंदा सेक्रेटरी राजेशला केलं, भूषणला नाही, म्हणून तो रुसलाय, असं लिफ्टमध्ये ठरलं होतं. भिवातात्या तर मला जिन्यात अडवून म्हणाला, "कांता, त्याला पद दे, बघ कसा पोपटासारखा बोलतो."

बाराव्या दिवशी माझंच डोकं फिरलं. मी चौदाव्या मजल्यावर गेले, त्या दारासमोर उभी राहिले आणि हात उगारला. वैशालीने माझं मनगट धरलं. "नको. तूच म्हणालीस ना, ठोकू नको." मी खाली आले. इतक्या मोर्चांत पोलिसांसमोर हात खाली न घेणारी मी, तिथे घेतला.

अठराव्या दिवशी तिने मला सांगितलं की ती दुपारी कानात वायर घालून मॅडमचं रेकॉर्डिंग ऐकते. परत परत. आपोआप वर येतं, एवढाच तुकडा. "परवा माझा हात दारापर्यंत गेला, ताई. आणि मॅडमचा आवाज आला. मागे घेतला." चार किलो तरी उतरली होती ती. मला पहिल्यांदा भीती वाटली, पण ती तिच्यासाठी. भूषणसाठी नाही. भूषण पुरुष होता, आणि पुरुषाचं काय ते आम्हाला आधीच कळलेलं होतं.

चोविसावा दिवस बुद्धपौर्णिमेचा. विहार भरलेला, सगळे पांढऱ्यात. बायकांच्या बाजूला मी आणि वैशाली. राजेशने माइकवर सांगितलं, "वंदना आदरणीय बुद्धभूषण गमरे देतील."

भूषण पहिल्या रांगेत होता. त्याने नाही म्हणून मान हलवली. राजेशने पुन्हा हात केला, या. भूषणने हाताने खूण केली, तूच दे. माझ्या मागे कुजबुज झाली, "बघा, अजून रुसवा जात नाही." राजेशने वंदना सुरू केली, पट्टी चुकलेली. सगळे मागून म्हणायला लागले.

वैशालीने माझी बाही ओढली. "ताई, बघ."

"काय?"

"ह्यांच्याकडे बघ ना."

मी बघितलं. भूषण हात जोडून उभा होता, डोळे मिटलेले. सगळ्यांची तोंडं उघडझाप करत होती आणि याचे ओठ केसभर हलत होते. दात दातांवर. आतून कुणी टाके घातल्यासारखे.

"माझ्याशी बोलत नाहीत, ठीक," ती कुजबुजली. "मी बायको आहे. माझ्यावर शटर ओढलं. इथं कुणावर ओढलंय? भगवंतावर?"

पाचवं शील आलं. भूषणचे ते केसभर हलणारे ओठही थांबले आणि त्याने मान खाली घातली. मग खीर वाटली. सगळे चमच्याने खात होते. तो खांबामागे गेला, कप ओठांना लावला आणि दातांच्या फटीतून ओढत राहिला. अर्धी खीर पांढऱ्या सदऱ्यावर. त्याने ती हाताने पुसली, आजूबाजूला पाहिलं आणि घरी निघून गेला.

रुसलेला माणूस बोलत नाही, पण रुसलेल्या माणसाचं तोंड उघडतं.

विहाराच्या पायरीवर बसून वैशालीने मुलीला व्हिडिओ कॉल लावला. संघमित्रा नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. "पप्पा माझ्याशीही नुसतं हं हं करतायत," ती आधीच कुरकुरत होती. वैशालीने सांगायला घेतलं. खिचडी, भाकरी, मिरची, ब्रश, खीर. चोवीस दिवसांचं साठलेलं एका दमात.

"मम्मी, पप्पांचं तोंड किती उघडतं?"

"म्हणजे?"

"तीन बोटं. उभी, एकावर एक. माझी जातात, तुझी जातील. पप्पांची जातात का बघ."

"घरी गेल्यावर बघते. का गं?"

"आत्ता जा ना मम्मी! आत्ता!" पोरीचा आवाज फाटला.

आम्ही गेलो तेव्हा आतलं दार बंद होतं. वैशाली एक क्षण थांबली. मग तिने थाप मारली. बोटांनी टकटक नाही, तळहाताने, शेजारणी मारायच्या तशी. "अहो, उघडा. आज मी जाणार नाही. उघडा."

ती मारत राहिली. तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी मोजत नव्हते, पण बराच वेळ गेला. मग कडी सरकली.

वैशालीने त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचं तोंड उघडलं, आपली तीन बोटं उभी आत घालून दाखवली, बाहेर काढली. "आता तुम्ही."

भूषणने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. हात वर नेला. एक बोट गेलं. दुसरं नखापाशी अडलं. त्याने ते ढकललं, कपाळावर घाम आला, गेलं नाही. आणि बावन्न वर्षांचा तो माणूस ते एक बोट दातात धरून रडायला लागला.

वैशालीने मोबाइलची बॅटरी लावली आणि ओठ बाजूला ओढून आत बघितलं. डाव्या गालाच्या आत सगळं पांढरं, चामड्यासारखं ताठ, आणि मध्ये एक जखम, कडा वर आलेल्या.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी," तो दातांआडून म्हणाला.

"पुडी?"

त्याने हो म्हणून मान हलवली. चार वर्षांपूर्वी धम्मचक्र दिनाला अख्ख्या विहारासमोर भूषणने तंबाखूची पुडी सोडली होती. टाळ्या झाल्या होत्या. सुटली नव्हती. पार्किंगच्या केबिनमध्ये बुटांच्या खोक्यात असायची. तोंडात बार धरून त्याने चार वर्षं आम्हाला पाचवं शील दिलं. आम्ही खाली बघायचो आणि तो वरून बघायचा. ही लाज एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला भीती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची मंडळी परळच्या कॅन्सरच्या हॉस्पिटलबाहेर, फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटना खिचडी वाटतात. पातेल्यापाशी भूषण असायचा. अर्धा गाल गेलेली, नाकात नळी असलेली माणसं त्याच्यासमोर वाटी धरायची. आपल्या तोंडात काय वाढतंय ते त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. एप्रिलअखेर शिट्टी वाजेनाशी झाली, गालात हवाच धरता येईना. त्याने साहेबाला सांगून कूपन फाडायचं टेबल मागून घेतलं आणि घरी येऊन कडी लावली.

"मला का नाही सांगितलं?" वैशाली म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तो जे बोलला ते तुटत तुटत, एकेक शब्द दातांच्या फटीतून आला. मी इथे जोडून लिहिते. "तू विचारत होतीस. रोज विचारत होतीस. मी म्हणायचो, आज नको, उद्या सांगतो. मग तू विचारायचीच बंद झालीस. एकदम. मला वाटलं, तुला कळलंय. कळलंय, आणि तूही घाबरलीस."

ती पाचव्या दिवशी बंद झाली होती, माझ्याकडून डबा घेऊन गेल्यावर.

संध्याकाळी मी मॅडमना फोन लावला. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कांताताई, मी एक-दोन दिवस म्हटलं होतं. खाणंपिणं, झोप बदलली तर मात्र लगेच विचारा, हेही म्हटलं होतं. रेकॉर्डिंग असेल तर ऐका."

वैशालीकडचं रेकॉर्डिंग ऐकलं. म्हटलं होतं. भिवातात्याच्या टपरीवर सगळा हॉल खिदळत होता, त्याच्या खाली दबलेलं ते वाक्य होतं. मी माफी मागितली नाही. अजूनही मागणार नाही. जे वाक्य औषधाचं होतं ते हशाखाली कशाला ठेवायचं? पण 'एक-दोन दिवस' चे 'लागतील तेवढे' मी केले, आणि ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

हॉस्पिटलात तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत भूषण बोलत सुटला. दातांआडून, लाळ गळत, हातवारे करत. बापाची गिरणी, संपातला उपास, वैशालीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने घातलेली जांभळी साडी, साहेबाची नक्कल. आणि वैशाली गप्प. मुकी. मी दारात बसून बघायचे आणि मनात म्हणायचे, मॅडम, आता सांगा, यातला बाई कोण आणि पुरुष कोण?

रिपोर्ट वाईट आला. कॅन्सर, डावा गाल, जबड्याला चिकटायच्या बेतात. डॉक्टरबाई तिशीची, थकलेली. ऑपरेशन, मग किरणं, असं तिने सांगितलं. वैशालीने एकच प्रश्न विचारला. "महिनाभर आधी आणलं असतं तर?"

डॉक्टरबाईंनी कागदावरून मान वर केली. "असं मोजू नका."

बाहेर जिन्यात वैशाली मला म्हणाली, "मोजू नका म्हणजे फरक पडला असता." मी कठडा धरून जिना उतरायला लागले.

ऑपरेशन नऊ तास चाललं. जबड्याचा तुकडा गेला, मांडीचं मांस काढून गालात बसवलं. मग तीस वेळा किरणं. भूषण वाचला. आवाज वाचला नाही, म्हणजे येतो, पण ओल्या कपड्यातून आल्यासारखा. वंदना आता राजेशच देतो. पट्टी अजून चुकते.

आता नोव्हेंबर. नवी काळजी अशी की आतली चामडी आकसत जाते आणि तोंड पुन्हा बंद व्हायला बघतं. त्यावर फिजिओथेरपीवालीने आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्यात. एकावर एक रचून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये सारायच्या, दिवसातून चार वेळा. जमतील तशा एकेक वाढवत न्यायच्या. दोन दिवस चुकवले की आठवड्याची मेहनत वाया. दुखतं किती, ते भूषणच्या पायांकडे बघितलं की कळतं, पायाची बोटं आत वळतात.

शाळा सुरू आहेत, वैशाली पहाटे चारला उठून खिचडीच्या कामाला जाते, आणि तरी एकही वेळ चुकवत नाही. परवा मी तिथे होते. भिवातात्याही आला होता, म्हणाला, "अगं, पुरुषमाणसाला बाईसमोर रडायची लाज वाटते. त्याचं त्याला एकट्याला करू दे."

"तात्या, चहा घ्या आणि गप्प बसा," वैशाली म्हणाली. हसत नव्हती.

ती भूषणच्या समोर स्टूल घेऊन बसली. नऊ काड्या गेल्या. दहावीला त्याने तिचं मनगट धरलं, पुरे. माझ्याही तोंडात आलं होतं, सोड गं त्याला आजच्या दिवस. मी ते गिळलं.

"कुठं दुखतंय? बोट ठेवा," ती म्हणाली.

त्याने कानाखाली बोट ठेवलं.

"कालपेक्षा जास्त?"

मान हलली. नाही.

"मग घाला. हळू. मी आहे."

दहावी गेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाळ, दोन्ही ती एकाच रुमालाने पुसत होती. काड्या काढल्यावर तिने बॅटरी लावून आत बघितलं. ते ती प्रत्येक वेळी बघते. मागच्या आठवड्यापासून टाक्याच्या कडेला एक पांढरा ठिपका दिसतोय, तिळाएवढा. डॉक्टरबाई म्हणाल्यात, तेरा तारखेला या, तेव्हा तपासू. आज सात.

"तेवढाच आहे," तिने त्याला सांगितलं.

मी तिला नंतर ओट्यापाशी गाठलं. "रोज त्याला कशाला सांगतेस ठिपक्याचं? घाबरत नाही का तो?"

"घाबरतात ना. मीही घाबरते. मी त्यांना सांगून ठेवलंय, वाढलेला दिसला तर त्याच वेळी सांगेन. ते म्हणाले, सांग."

आतून भूषणने तिला हाक मारली. काय म्हणाला ते मला कळलं नाही, तिला कळलं. चार वाजत आले होते, काड्यांची पुढची वेळ. "आले," म्हणत तिने काड्या गरम पाण्यातून काढल्या, फडक्यावर ठेवल्या आणि मोजायला लागली. दहा होत्या. तिने डब्यातून अकरावी घेतली.